गोंगाटातलं गाणं

स्कॉटलंडमधल्या डंडीला मुलाकडे आले आहे. इथल्या तागाच्या गिरणीत पूर्वी कामाला असलेल्या म्हाताऱ्या बायका चर्चच्या हॉलमध्ये गायला जमतात. आज सूनबाई मलाही घेऊन गेली. गाताना त्या तोंड एवढं मोठं उघडत होत्या, की मला हसूच आलं. इचलकरंजीला मागावर आम्हीही अशाच गायचो. खडखडाटात आवाज कुठला ऐकू येणार? समोरचीच्या ओठांवरून ओळ ओळखायची आणि पुढची धरायची. लाजऱ्या माणसाला गोंगाटाचा केवढा आडोसा असतो! चारचौघांत तोंड न उघडणारी मी तिथे मोकळ्या गळ्याने गायचे.

"आई, आता तुम्ही म्हणा," सूनबाई म्हणाली.

"अगं, इथे सगळं ऐकू येतंय की!"

तिने ते इंग्रजीत सांगताच सगळ्याजणी खो खो हसल्या. शेजारी बसलेल्या मॅगीबाईंनी टेबलावर दोन्ही हातांनी मागाचा खडखडाट सुरू केला. बाकीच्यांनीही टेबलं बडवली, पाय आपटले. मला माझाच श्वास ऐकू येईना. मग मी पदर खोचला आणि गायले. मॅगीबाई माझ्या ओठांकडे टक लावून, एक अक्षर न कळता, माझ्याबरोबर तोंड हलवत होत्या.