अंगठ्याचा खळगा

माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघायची खोड मला शिट्टीने लावली. सौंदडच्या फलाटावर, गॅसच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्यांच्या मागे, जाईन तिथे माझं पाय बघणं चालू असतं. घरचे वैतागतात. वैतागू देत. गेली दोन वर्षं हा चाळा जास्तच वाढलाय आणि त्याचं कारण मला चांगलं ठाऊक आहे.

मी शाळेत खेळाची शिक्षिका आणि बास्केटबॉलची पंच. ट्रॅव्हलिंगचा नियम मी मुलींना एका दमात सांगते. चेंडू हातात धरून थांबलीस की एक पाय जमिनीला खिळला. दुसरा हवा तिकडे टाक, खिळलेल्या पायावर गरगर फिर, टाच उचल, पण पुढची बोटं जागची हलता कामा नयेत. तो पाय उचलून चेंडूसकट पुन्हा टेकलास की शिट्टी. सांगायला सोपं आहे. पंचाचे डोळे मात्र पायांवर ठरत नाहीत, भलतीकडेच धावतात.

दोन वर्षांपूर्वी तिरोड्याला मुलींचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ नागपूरला जाणार होता. सिमेंटचं मैदान उखडलेलं, म्हणून मुरमावर चुन्याच्या रेषा मारून खेळवत होतो. सालेकशाकडच्या आश्रमशाळेची एक मुलगी सुरुवातीलाच माझ्याकडे आली.

"मॅडम, बूट ढिले हायेत. काढू का?"

मी मान डोलावली.

शेवटचे काही सेकंद उरले, तेव्हा तिचा संघ एका गुणाने मागे होता. चेंडू तिच्या हातात, दोघीजणी अंगावर. अनवाणी उजव्या पायावर ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, परत डावीकडे. चेंडू धरून ती चालली, असा बाहेरून ओरडा झाला, "अरे, चल दी! चल दी!" मी त्या क्षणी अडवणाऱ्या मुलीच्या हाताकडे बघत होते. पाय मी पाहिलाच नव्हता. तरी शिट्टी वाजवली आणि दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची खूण केली.

"मी त पाय उचललाच नाही, मॅडम. पाहा ना!" ती खाली बोट दाखवत होती.

धुळीत एक गोल खळगा पडला होता, बाटलीच्या झाकणाएवढा. अंगठा एकाच जागी फिरून फिरून पडलेला. त्या पायाचा दुसरा ठसा आजूबाजूला कुठेच नव्हता. खेळ अजून पुन्हा सुरू व्हायचा होता, मला निर्णय फिरवता आला असता. पण सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं आणि माझ्या डोक्यात एकच, आता माघार घेतली तर उद्या माझ्या शिट्टीला कोण विचारणार? मी पुढे झाले आणि बुटाने तो खळगा पुसून टाकला.

"चला, खेळा," मी म्हणाले.

त्या एका गुणाने हरल्या. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने मुकाट्याने बूट उचलले आणि गाडीत जाऊन बसली.

या हिवाळ्यात गोंदियाला मी नव्या पंचांचा वर्ग घेत होते. तिसऱ्या रांगेत तीच, आता कॉलेजात गेलेली. तिने ओळख दाखवली नाही. माझं मात्र बोलता बोलता दोनदा चुकलं, खडू मोडला, पंखा बंद करायला लावला, परत चालू करायला लावला. शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला, ट्रॅव्हलिंग द्यायच्या आधी काय बघायचं? कोणी म्हणालं चेंडू, कोणी म्हणालं पाय.

ती उभी राहिली. "भुई पाहाची, मॅडम. कोनी पुसाच्या आधी."

वर्ग हसला. शरमेने जीव नकोसा झाला, पण पाय काही दाराकडे वळेनात.

"पुसणारी मी होते," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "हिने पाय उचलला नव्हता."

हसू थांबलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. ती माझ्या बुटांकडे बघत होती.