उन्हाळ्यातले मोजे

ती घटना आठवू नये असं मला फार वाटतं, आणि म्हणूनच बहुधा ती इतकी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातल्या काही तपासांबद्दल आजही चारचौघांत छाती पुढे काढून बोलतो. या प्रकरणात मात्र खात्याने माझी पाठ थोपटली आणि माझीच मान खाली गेली. नाव कुणाचंही लिहीत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं एक ठाणं आणि तिथला प्रभारी मी, एवढं पुरे.

आमच्या हद्दीत बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी एक निवासी गृह होतं. एकतीस जण तिथे राहत. चालवणारे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळं गाव त्यांना ‘सर’ म्हणे, मीही म्हणायचो. शांतता समितीच्या बैठकीत ते पहिल्या रांगेत असायचे, मोजकं बोलायचे, आणि त्यांच्याबद्दल कधी तक्रार नव्हती. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हा पोलिसांचा आवडता गैरसमज.

दिवाळी नुकतीच झाली होती. एस.टी. स्टँडवर एक माणूस सकाळपासून बसून आहे, काही बोलत नाही, असा निरोप आला. आमचा शिपाई त्याला घेऊन आला. चाळिशीचा माणूस, अंगात राखाडी स्वेटर. मला पाहताच ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला. सगळं ठाणं हसलं. आमच्याकडे हवालदाराला जुनी माणसं ‘जमादार’ म्हणतात, तेच नाव त्याला पडलं.

“कुठं जाऊन राह्यला बे जमादार?” शिपायाने विचारलं.

“ताई. अमडापूर,” एवढंच तो बोलला.

खिशात गृहाचं ओळखपत्र होतं. आम्ही सरांना फोन केला. नियमाप्रमाणे नोंद घेतली: वर्णन, कपडे, शरीरावर जखमा नाहीत. त्या दिवशी ते खरं होतं. मग सरांकडून ताबा पावतीवर सही घेतली आणि चाळीस वर्षांचा माणूस, सापडलेली सायकल मालकाला द्यावी तसा, त्यांच्या हवाली केला. बहिणीकडे जायचं म्हणणाऱ्या माणसाच्या बहिणीला एक फोन करावा, हे मला सुचलं नाही. त्याऐवजी मी सरांना दम भरला.

“पुन्हा हा बाहेर सापडला तर निष्काळजीपणाची कारवाई करीन. नीट सांभाळा.”

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ते फार दिवस विसरलो होतो.

सव्वीस जानेवारीला सरांनी मला झेंडावंदनाला बोलावलं. अंगणात सगळे रांगेत बसलेले, इस्त्रीचे कपडे, आणि प्रत्येकाच्या पायात पांढरेशुभ्र मोजे. जमादार पहिल्याच रांगेत होता. त्याने बसल्या बसल्या सॅल्यूट केला. मला शिस्त आवडते. चहा झाल्यावर सरांनी अभिप्रायाची वही पुढे केली. मी लिहिलं, ‘येथील शिस्त व स्वच्छता वाखाणण्याजोगी आहे. अगदी पायांतील मोज्यांपर्यंत लक्ष दिले जाते.’ खाली सही, हुद्दा, शिक्का.

त्यानंतर जमादार दोनदा आला. होळीच्या सुमारास एकदा आणि पुन्हा एप्रिलमध्ये. या दोन्ही वेळा तो स्टँडवर गेला नाही, चालत थेट ठाण्यात आला. सहा किलोमीटर. सॅल्यूट करायचा, बाकावर बसायचा आणि एक पाय पुढे करायचा. “पाय,” म्हणायचा.

“चालून चालून दुखत असन ना रे,” असं म्हणत ठाणे अंमलदाराने त्याला चहा-बिस्कीट दिलं. माणसं वाईट नव्हती आमची. फक्त त्याची पायजम्याची कड वर करून पाहायला कोणी वाकलं नाही. मीही माझ्या खोलीच्या दारातून पाहिलं आणि आत गेलो. एप्रिलमध्ये गाडीत बसवताना त्याने बाकाचा पाय धरून ठेवला होता. दोन शिपायांनी त्याची बोटं सोडवली. “घरी नेऊन राह्यलो ना, घाबरतं काऊन?” असं ते प्रेमानेच म्हणत होते.

मे महिन्यात त्याची बहीण ठाण्यात आली. अमडापूरला अंगणवाडीत मदतनीस. आईबाप गेल्यावर भावाला एकटीने सांभाळणं झेपेना म्हणून तिनेच त्याला गृहात ठेवलं होतं. दर बुद्धपौर्णिमेला ती त्याला चार दिवस घरी न्यायची. या वर्षी सरांनी सांगितलं, आजारी आहे, पुढच्या महिन्यात या.

“मग तक्रार काय आहे?” मी विचारलं. खरं सांगतो, घड्याळाकडे बघत विचारलं.

“साहेब, त्यायनं मले दुरूनच दाखवला. खाटेवर बसला होता. पायात मोजे. या उन्हात मोजे कोण घालते साहेब? माह्या भावाले त चप्पलसुदिक सोसत नाही. लहानपणापासून काढून फेकते.” ती थांबली. “अन् मले पाहून उठला नाही तो. मी आली का तो पळत येते. उठलाच नाही.”

मोजे म्हटल्यावर मला झेंडावंदनाची ती रांग आठवली. तिला बाहेर बसवलं आणि कॉम्प्युटरवरच्या तिन्ही नोंदी मागवल्या. नोव्हेंबर, मार्च, एप्रिल. तिन्हींत मजकूर एकच. अंमलदाराने पहिली नोंद उघडून तारीख आणि वेळ तेवढी बदलली होती. अशी पद्धत सगळीकडेच असते, वेळ वाचतो. एप्रिलच्या नोंदीतही जमादाराच्या अंगात राखाडी स्वेटर होता. बेचाळीस डिग्रीत स्वेटर. आणि त्याच्या खालच्या ओळीत, ‘शरीरावर जखमा नाहीत.’ तिन्ही नोंदींवर सही माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, एक डॉक्टर आणि महिला पोलीस घेऊन आम्ही न कळवता गृहात गेलो. सर हसत पुढे आले, चहा सांगू लागले. मी म्हटलं, “चहा नको. सगळ्यांचे मोजे काढा.” त्यांचा चेहरा पडला, तेव्हाच निम्मा पंचनामा झाला.

अकरा जणांच्या घोट्यांवर दोरीचे वळ होते. काही जुने, काळे पडलेले, काही ओले. जमादाराचा मोजा निघेना. तो जखमेला चिकटला होता. डॉक्टरांनी पाणी घालून भिजवला, हळूहळू सोडवला. वास आला तेव्हा एक पंच बाहेर गेला. जमादार ओरडला नाही. त्याने पाय माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, “पाय.” ठाण्यात दोनदा सांगून झालं होतं, हे तिसऱ्यांदा.

त्याला दवाखान्यात हलवलं. उशीर झाला होता. डावं पाऊल काढावं लागलं.

सरांनी चौकशीत काहीच कबूल केलं नाही. त्यांचं एकच: संस्थेची बदनामी आहे, दोरी मला माहीत नाही. मग मी काळजीवाहकाला समोर घेतलं. पन्नाशीचा, शेजारच्या खेड्यातला माणूस. एकतीस जणांसाठी तो आणि त्याचा एक जोडीदार, दोघंच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तो घाबरला नाही, थकलेला दिसला.

“माणसाला जनावरासारखं बांधताना तुला लाज नाही वाटली?”

“वाटली ना साहेब. पयल्यांदा बांधलं तवा मी जेवलो नाही.” मग त्याने मान वर केली. “अगुदर बांधत नव्हतो आमी. एकाले न्हाऊ घातलं त दुसरा फाटकाकडे जाये, पाहून आणत होतो. दिवाळीनंतर सर तुमच्यापासून आले अन् म्हणाले, साहेबानं दम देल्ला, एक जरी बाहेर सापडला त केस. जे जे फिरते त्यायले बांधा. दोरी दिसू नये म्हून मोजे बी त्यायनंच आणले. तरी तो दोन डाव सुटून तुमच्यापाशी आला. तुमीच त आणून देल्ला साहेब.”

खोलीत लिहून घेणारा हवालदार होता. त्याचा पेन थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

बांधायला सरांनी सांगितलं, मोजे सरांनी आणले, एवढं आम्हाला हवं होतं. प्रकरण तिथेच उलगडलं. पण साहेबाने दम दिला आणि साहेबानेच आणून दिला, ही दोन वाक्यं मी जबाबात येऊ दिली नाहीत. “पुढचं घे,” एवढंच मी हवालदाराला म्हटलं, आणि त्याने पुढचं घेतलं.

दोषारोपपत्र भक्कम झालं. कोर्टात बचावाच्या वकिलांनी अभिप्रायाची वही काढली आणि मोज्यांचं माझं वाक्य मोठ्याने वाचलं. “ही सही कोणाची?” “माझी,” मी म्हटलं. जमादाराची बहीण मागच्या बाकावर होती. मी तिकडे पाहिलं नाही. तरी शिक्षा झाली, सरांना आणि काळजीवाहकालाही. गृहातल्या बाकीच्यांची सोय दुसरीकडे झाली. मला उत्कृष्ट तपासाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी भिंतीवर लावलेलं नाही.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं मला विचारतात. माझी सारी नोकरी पळालेल्या माणसांना ‘का पळालास?’ विचारण्यात गेली. चोराला विचारलं, आरोपीला विचारलं, घर सोडून गेलेल्या पोरींना विचारलं. नीट बोलता येत नव्हतं त्या एकालाच विचारलं नाही, आणि तो तर पाय पुढे करून उत्तर देत होता. गृहातल्या माणसांची काळजी घेणं म्हणजे ती हरवू न देणं, एवढंच मला कळत होतं. सरांनाही तेवढंच कळत होतं. आमच्यात फरक होता तो युनिफॉर्मचा. आणि जी दोन वाक्यं मी गाळली, ती गाळली नसती तर काळजीवाहकाची शिक्षा कमी झाली असती का, ते मला माहीत नाही. ती आज इथे लिहिली, यानं त्याचं काही भलं होणार नाही, हेही मला कळतं.

निवृत्तीनंतर एकदा धीर करून अमडापूरला गेलो. बहिणीने भावाला घरीच ठेवलं आहे. शेजारणी आळीपाळीने लक्ष देतात, अंगणवाडी सुटली की ती येतेच. जमादार ओट्यावर बसला होता, अनवाणी. उजवा पाय मातीवर, डावीकडे पट्ट्यांचं लाकडी पाऊल काढून ठेवलेलं. मी साध्या कपड्यांत होतो. त्याने मला लगेच ओळखलं. सॅल्यूट केला नाही.

त्याने ते पाऊल चढवलं, वॉकर धरून उठला आणि घरात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हातात कापडी पिशवी होती. वर टॉवेल, खाली घडी केलेले कपडे. माझ्या शेजारी येऊन तो उभा राहिला.

“काऊन रे? कुठं चालला?” बहीण म्हणाली. मग तिला कळलं. तिने तोंडावर पदर घेतला. “नाही रे बापू, साहेब न्याले नाही आले. भेटाले आले.”

मीही तेच सांगितलं. दोनदा सांगितलं, हात जोडून सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला माझं म्हणणं समजलं, असं मला वाटतं. पण मी चहा पिऊन निघेपर्यंत त्याने ती पिशवी खाली ठेवली नाही.