आंबा घाटात लागलेला दिवा

बाबांना कोल्हापूरला न्यायचं, हे ठरेपर्यंतच माझी अर्धी रजा सरली. चार पावलं चालले की त्यांना धाप लागायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं म्हणून सांगितलं होतं आणि इथे वेळ काढू नका असं बजावलंही होतं. पण पूर्णगडला ज्याचा सगळा जन्म होडीवर गेला, तो माणूस डॉक्टरला काय जुमानतो! आई रडली, मी ओरडलो. ओरडणं मला चांगलं जमतं. शेवटी एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "तुझ्या गाडीतनं नेणार असशील तर येतो. यष्टीत नाय बसायचा मी."

मी तेव्हा मालवाहू बोटीवर इंजिनियर होतो. परदेशातून एक जुनी जपानी गाडी आणली होती, कस्टमवाल्यांनी नाकी नऊ आणल्यावर ती एकदाची दारात आली. तिला टर्बो होता, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा इंजिनात जादा हवा कोंबायचा. हवेचा दाब फार वाढला तर एक छोटी झडप उघडून धूर बाजूने सोडून द्यायची. ती उघडली नाही, तर इंजिन वाचवायला गाडीतला कॉम्प्युटर पेट्रोल तोडायचा आणि समोर दिवा लावायचा. कॉम्प्युटरवाली गाडी बघायला गावातले लोक यायचे. मी बोटीवर असलो की बाबाच बॉनेट उघडून दाखवायचे. त्यांना चालवता येत नव्हती, पण रुबाब मालकाचा.

आम्ही सकाळी निघालो. बाबा पुढे, आई मागे. हातखंबा गेलं, साखरपा गेलं, बाबा अगदी खुशीत होते. आंबा घाट चढायला लागलो आणि पहिल्याच मोठ्या वळणावर गाडीने आचका दिला. दिवा लागला. इंजिनाचा जीवच गेला. बंद करून पुन्हा चालू केली, जरा चढली की पुन्हा तेच.

बॉनेटखालच्या एका डबीतली दोन टोकं तारेने जोडली की तोच दिवा लुकलुकून बिघाडाचा आकडा सांगतो, हे मला एका जहाजी दोस्ताने शिकवलं होतं. तार जोडली. दिवा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. आकडा मिळाला. त्याचा अर्थ ज्या पुस्तकात होता ते राहिलं होतं जपानात! घराएवढी इंजिनं खोललेला मी त्या टीचभर दिव्यापुढे अडाणी ठरलो. रागाने टायरला लाथ मारली, ती मलाच लागली.

मग डोकं शांत झाल्यावर एकेक नळी तपासली. शेवटी हाताला फडकं गुंडाळून त्या झडपेची दांडी ढकलून पाहिली. ती हलेना. तिच्या सांध्यावर तपकिरी, टणक थर बसला होता, करपलेल्या कढईच्या बुडाला असतो तसा. नखाने खरवडून वास घेतला. मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं तेल. आमच्याकडे होडीला लावतात ते.

बाबा केव्हा खाली उतरून मागे उभे राहिले, कळलंच नाही. वास त्यांनाही आला होता. सांगू लागले, "तू गेलास की दर अमावास्येला सगळ्या लोखंडाला लावायचो. खारा वारा लोखंड खातो रे." चुलतभाऊ अधूनमधून गाडी गावातल्या गावात फिरवून आणायचा, तेवढ्या तापण्याने ते तेल थरावर थर भाजत गेलं होतं. सपाट रस्त्यावर त्या झडपेचं काम पडत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही.

"माझ्यामुळंच अडली ना?"

मी म्हटलं, छे, कॉम्प्युटर बिघडलाय. हळूहळू जाऊ, पाय हलका ठेवला की चढेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "परत फिरव," म्हणाले आणि दार उघडून आत बसले. आईने त्यांचे हात धरले. त्यांना पुढे न्यायला मी घाट चढणारी एक जीप थांबवली, पण ते जागचे हलेनात, ती तशीच सोडून द्यावी लागली. बापाला उचलून घाट ओलांडता येत नाही. मी गाडी वळवली. उतारावर ती हरामखोर झकास पळाली.

दुसऱ्या दिवशी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. दुपारपर्यंत दांडी एका बोटाने हलायला लागली. बाबांना सांगितलं. "बरं झालं," म्हणून ते खाटेवर कुशीला वळले. पुन्हा गाडीत बसायला तयार होईनात, यष्टीचं तर नावच नको. मी हात जोडले, आईने देवाची शपथ घातली. काही उपयोग झाला नाही.

गाडी घाट चढली असं सांगितलं तर तयार होतील, या आशेने मी एकटाच निघालो. आंबा घाट तिने एका दमात काढला, दिवा लागला नाही. माथ्यावर गाडी उभी केली. पुढे कोल्हापूरचा रस्ता मोकळा होता आणि ज्याला न्यायचं तो माणूस घरी होता. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी रडलो.

घरी येऊन सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. कुठल्या गिअरमध्ये चढली, मध्ये थांबली का, सगळं विचारून घेतलं. मग आईकडे वळून समाधानाने म्हणाले, "बघ, मी नव्हतो तर कशी चढली."

रजा संपल्यावर मी बोटीवर गेलो. बाबांना पुन्हा पाहिलं नाही.