मशीनला आग लागली तर

"इफ युवर मशीन कॉट फायर, व्हॉट वुड यू डू?" मॅडमनी काशीनाथला विचारलं. त्याने कानांना हात लावले.

पळस्प्याजवळच्या कंटेनर यार्डात आम्ही चौघं रीच स्टॅकर चालवायचो. म्हणजे कंटेनर उचलून एकावर एक रचणारं अवाढव्य मशीन. नव्या परदेशी पार्टीचा साहेब येऊन इंग्रजीत सेफ्टीचे प्रश्न विचारणार होता. उत्तर आलं नाही तर मशीनवरून खाली, हेल्परच्या कामाला. म्हणून कंपनीने पनवेलच्या या मॅडम लावल्या.

"अर्थ कळला ना, काका?"

"कलला. पन आमी तसं बोलत नाय. सकाली अगरबत्ती लावून मशीनवर बसतो. तिच्या तोंडावर आगीचं नाव कशाला?"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, इंग्रजीत न घडलेली गोष्ट बोलताना क्रियापद भूतकाळात न्यायचं, पुढे 'वुड' लावायचं. ऐकणाऱ्याला कळतं, हे नुसतं धरून चाललंय.

"देवाला कलतं का इंग्रजी?" काशीनाथ म्हणाला. सगळे हसले. "उद्या विचाराल, बायको मेली तर काय करशील?"

बोलला आणि माझ्याकडे बघून जीभ चावली. माझी बायको त्याच पावसाळ्यात गेली होती.

मी म्हणालो, "काश्या, आमच्या घरात अभद्र कोन बोललं नाय. ती बोलूच द्यायची नाय. तरी गेली. तू बोल."

तो खाली बघत बोलला, "आय वुड टेक फायर एक्स्टिंग्विशर."

"गुड. कुठे असतो तो?"

कोणालाच सांगता येईना. सगळे यार्डात गेलो. सीटमागे धुळीत लाल नळकांडं सापडलं. त्याचा काटा शून्यावर, म्हणजे आतला दाब गेलेला. चारही मशीनवर तेच.

सुपरवायझर ओरडला, "आधी का नाही सांगितलं?"

"विषयच निघाला नाय, साहेब."

नवे सिलिंडर आले. साहेबही आला. अडखळत का होईना, चौघंही पास झालो.

जे तोंडातून काढायचं नाही, त्याची तयारी कोणी करत नाही. तू नसलीस तर मी काय करू, हे मी बायकोला एकदाही विचारलं नाही. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ती करायची तसं कोलंबीचं कालवण मला अजून जमत नाही.