फक्त हाताचा फोटो

“नाव नको सांगू वो, नावाचं मला काम नाई.” दीदी असं म्हणायची, दोन्ही हात समोर धरून, जसं काही माझं नाव उडून तिच्या अंगावर येऊन राहिलं आहे. आणि त्या दिवशी दाराची कडी लावता लावता माझ्या कानात तेच घुमून राहिलं होतं, नाव नको सांगू, नाव नको सांगू, कारण खाली गल्लीत माझा नवरा उभा होता अन् माझं नाव घेऊन ओरडून राहिला होता.

आठ महिने झाले होते मला पनागरच्या सासरहून पळून येऊन. माझी पोरगी परी कडेवर, एका पिशवीत तिचे कपडे, बस. शहरात कांचघर मोहल्ल्यातली ही खोली आईनं घेतली होती अन् कोणालाच सांगितलं नव्हतं, मामालाही नाई, काहून की मामाच्या पोटात गोष्ट राहत नाई. आणि हा आला, सकाळी अकरा वाजता, सरळ आमच्याच जिन्याखाली. हातात मोबाईल, त्याच्यातला एक फोटो मोठा करून वर दाखवून राहिला. आई खिडकीतून वाकली, पाहिलं अन् मागे झाली.

“तुझा हात आहे वो त्याच्यात,” म्हणे, “तुझी करंगळी.”

माझ्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. सासरी म्हशीचा चारा कापता कापता कुट्टी मशीनमध्ये गेली. त्या घरातलं लहान पोरही ओळखेल तो हात.

“परी को नीचे ला,” तो ओरडला, “नहीं तो मैं ऊपर आता हूँ.”

परी दीड वर्षाची. मी तिला पलंगाखाली सरकवली अन् वरून चादर ओढली, अन् तिला वाटलं खेळ आहे, ती हसून राहिली, मी तिचं तोंड दाबलं. माझ्या स्वतःच्या पोरीचं तोंड.

खाली राहते आमची घरमालकीण, साठीची बाई, गुडघे दुखतात म्हणून मंदिरातही जात नाई. तिनं धुण्याच्या पाण्याची बादली उचलली अन् दिली त्याच्यावर ओतून. “हमारे जीने पर कोई मर्द बिना पूछे नहीं चढ़ता, समझे भैया?” गल्ली हसली. तो भिजला, त्याला लाज वाटली, गेला. पण जाता जाता निथळत्या केसांनी म्हणाला, “पता तो अब मालूम है.”

त्या दिवशीचं हसणं तेवढंच होतं बरं.

आता दीदी कोण ते सांगते. तुम्ही पण पाहिले असतील ना सर्वेवाले, रजिस्टर घेऊन येतात, पाणी मागतात, “कितने सदस्य” विचारतात अन् आपल्या तोंडाकडे पाहतही नाईत. ही तशी नव्हती. एका सरकारी विभागात कंत्राटावर होती. कोणता विभाग ते सांगत नाई, न सांगणं आता मी पण शिकली. विभाग मोबाईलवरचा नवीन फॉर्म बनवून राहिला होता, लहान पोरांच्या आहाराच्या योजनेचा, अन् बायका तो भरताना कुठे अडकतात ते पाहायचं, हे तिचं काम. मी म्हटलं, दीदी, मी आठवीपर्यंत शिकली, मला परीक्षा नको.

“तुझी नाई वो, फॉर्मची परीक्षा आहे. तू मास्तरीण. तो नापास झाला तं मी खुश.”

पहिले ती हिंदीतच बोलत होती. मग आतून आई ओरडली, “दूध उतू जाऊन राहिलं, बहिरी झाली का?” तशी हिचे डोळे मोठे झाले. “अय्या, तुम्ही मराठी?” ती शहरातल्याच गढा भागातली निघाली, घरी मराठी. मग काय, आईनं तिला चटईवरून उठवून पलंगावर बसवलं. इकडे बाहेर सगळं हिंदीत चालते, मराठी म्हणजे घरची गोष्ट, अन् मराठीतून कोणी विचारलं की मी सांगून टाकते, आवरतच नाई. हे माझंच चुकलं असेल.

तिच्या वहीत मी सात नंबर होती. नाव नाई, गल्ली नाई, फक्त सात. माझा आवाज रेकॉर्ड करायच्या आधी तिनं तीनदा विचारलं, चालेल ना, नाई म्हटलं तरी चालते, मधातच बंद कर म्हटलं तरी चालते. अन् रेकॉर्ड सुरू झालं की आई आतून माझ्या नावानं हाका मारे. दीदी कपाळाला हात लावे, सगळं पुसे, पुन्हा सुरू करे. “आई, नाव नका ना घेऊ.” “मग काय म्हणू, सात नंबर, इकडे ये?” आई म्हणाली. अन् दीदी इतकी हसली की तेही रेकॉर्ड पुसावं लागलं.

एकदा तिनं चुकून माझा फोन नंबर वहीच्या कोपऱ्यात लिहिला. लक्षात आल्याबरोबर तो कोपरा फाडला, चहा संपलेल्या ग्लासात पाणी घालून बुडवला अन् बोटानं चुरत बसली, पार लगदा होईपर्यंत. आई मला हळूच म्हणे, “पोट्टी चांगली आहे, पण थोडी सरकलेली आहे का?”

तर फॉर्म. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. “भर. मनात येईल ते बोलत जा, शिवी आली तरी चालेल.” मी भरून राहिली, परीचं नाव, वजन, टीके म्हणजे लसी कोणत्या लागल्या ते, अन् मग आलं पती का नाम. लाल चांदणी होती तिथं, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाई. मी थांबली. मी अंगठा तसाच काचेवर धरून बसली अन् मला रडू आलं, अन् मग मी सगळं सांगितलं, तो काय करत होता, मी कशी निघाली, इथं लपून आहे ते, सगळं. तिनं रेकॉर्ड बंद केलं होतं. मला माहीत नव्हतं, तिनंच नंतर दाखवलं. वहीत तिनं एवढंच लिहिलं, सात नंबर पतीच्या नावाशी अडकली, पुढे गेली नाई.

“ही चांदणी मी काढायला लावते,” म्हणाली. “तुझ्यासारख्या अजून दोघी अडकल्या इथंच.”

त्यानंतर ती दोनदा आली. परीसाठी केळं आणायची अन् म्हणायची, हे विभागाकडून नाई, मावशीकडून आहे. शेवटच्या वेळी मी तोच फॉर्म दुसऱ्यांदा भरून राहिली होती, अन् तिच्या साहेबाचा फोन आला, आवाज मला पण ऐकू येत होता. “फील्ड में हो तो फोटो डालो मैडम, नहीं तो विज़िट मानी नहीं जाएगी.” तुम्हाला माहीत असेल, आता सगळीकडे तसंच आहे, आंगनवाडीवाली खिचडी वाटते तरी फोटो, नाली साफ केली तरी फोटो, अन् मोबाईल त्या फोटोखाली आपोआप तारीख, वेळ अन् जागा छापतो, म्हणजे माणूस खरंच तिथं गेला होता ते समजते. दीदीनं साहेबाला सांगितलं, सर, बायकांचा चेहरा नाई टाकता येत. साहेब म्हणाला, चेहरा कौन माँग रहा है?

तं तिनं हाताचा काढला. मी मोबाईल धरून बसली होती, डावा हात खालून, करंगळी वर आलेली. खट्. तिनं पाहिलं, चेहरा नाई, नाव नाई, बांगडीही नाई, अन् विभागाच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये टाकला. आवाजासाठी तीनदा विचारणारी बाई, फोटोसाठी तिनं मला विचारलं नाई. मीही काही म्हटलं नाई. हात तं आहे, मला वाटलं. खाली बारीक अक्षरात आमची गल्ली छापलेली होती, तिकडे तिचंही लक्ष गेलं नाई अन् माझंही.

त्या ग्रुपमध्ये सगळ्या जिल्ह्याचे लोक. त्याच विभागाच्या पनागरच्या दफ्तरात माझ्या नवऱ्याचा आतेभाऊ कॉम्प्युटरवर बसतो.

नवरा येऊन गेल्यावर मी दीदीला फोन केला. काय बोलली ते मला आठवत नाई, शिव्याच दिल्या असतील. ती अर्ध्या तासात आली, दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं नाई तं आली नाई. मी तिला मोबाईल दाखवला, आमच्या घरमालकिणीच्या पोरानं कोणाकडून तरी तो फोटो मागवला होता. तिनं पाहिला. दोन बोटांनी मोठा केला. मग खालची अक्षरं वाचली.

“चूक माझी आहे,” म्हणाली.

बस, एवढंच. साहेबानं सांगितलं, मोबाईलनं केलं, असं काही नाई. मला वाटत होतं तिनं काहीतरी बहाणा करावा, म्हणजे मला अजून ओरडता आलं असतं.

त्याच दिवशी आम्ही खोली सोडली. आता कुठे आहो ते विचारू नका.

दीदी तिकडे ग्रुपमधून फोटो काढा म्हणून साहेबाच्या मागे लागली. तिनं टाकलेला आता तिच्या हातानं निघत नव्हता, पुसता येते ती मुदत निघून गेली होती. साहेब म्हणे, चेहरा आहे का? नाई. नाव आहे का? नाई. मग कसली तक्रार? तेव्हा तिनं स्वतःच लिहून दिलं, विभागाच्या मोठ्या साहेबाला, की मी सात नंबरच्या बाईला न विचारता फोटो काढला अन् जागेसकट टाकला, त्याच्यामुळे त्या बाईच्या पोरीला धोका झाला, फोटो सगळीकडून हटवा. अन् मला म्हणाली, “तू पण तक्रार लिही. माझं नाव घालून लिही. घाबरू नको, मी खरंच सांगणार आहे.”

मी आईला अन् परीला घेऊन दफ्तरात गेली. तक्रारीचा कागद दिला त्यांनी. पहिला खाना, नाव. दुसरा, पती का नाम. तिसरा, वर्तमान पता. आधारची झेरॉक्स जोडा. मी तो कागद घेऊन बाकावर बसली अन् मला हसू आलं, खोटं नाई सांगत, आईला वाटलं मला झटका आला. आत्ता कुठे नवीन जागा मिळाली होती, ती मी माझ्या हातानं लिहून द्यायची, त्याच लोकांना, ज्यांच्या ग्रुपमध्ये तो आतेभाऊ बसलेला.

मग दीदीच्या साहेबानं आत बोलावलं. चांगलं बोलला, बेटा म्हणाला, परीला बिस्कीट दिलं. दुसरा कागद समोर ठेवला, टाइप केलेला, त्याच्यावर तारीख जुनी, फोटोच्या दिवसाची. वाचून दाखवला. मी माझ्या मर्जीनं फोटोची परवानगी दिली होती, असं होतं.

“यहाँ साइन कर दो. फोटो आज ही हट जाएगी, सबके मोबाइल से हटवाऊँगा. नहीं तो जाँच होगी, जाँच में फोटो सबूत है, सबूत कैसे हटाएँ? पति को भी बुलाना पड़ेगा, बयान के लिए.”

पति को भी. हे तीन शब्द त्यानं हळू म्हटले, अन् फोन उचलून विचारलं, पनागरला लावू का.

आई मराठीत म्हणाली, “नको करू, ती पोट्टी खोटी पडेल.” साहेबाला समजलं नाई. मला समजलं.

मी सही केली.

फोटो खरंच निघाला. त्या ग्रुपमधून निघाला, नवऱ्याच्या मोबाईलमध्ये अजून असेलच. पण नवऱ्याला बोलावलं नाई, कोणी नवीन पत्ता विचारला नाई, परी रात्री झोपते. अन् दीदीचं लिहून दिलेलं होतं की मी विचारलं नाई, अन् माझ्या सहीचा कागद होता की विचारलं होतं, तं मोठ्या साहेबाला सोपं झालं. मॅडमनं खोटं लिहून विभागाची बदनामी केली, असं त्यानं ठरवलं. आंगनवाडीवालीनं सांगितलं, त्याच आठवड्यात तिचं कंत्राट संपवलं. विचारून काढला असं लिहिलं असतं तं तिचं काही गेलं नसतं. खरं बोलली म्हणून गेलं. अन् ते खरं मी खोडलं.

फॉर्ममधली ती चांदणी निघाली म्हणते आंगनवाडीवाली. आता पतीचं नाव न टाकताही पुढे जाता येते. तेवढं काम तिचं राहिलं. मी तो फॉर्म भरला नाई, हिंमत होत नाई.

तिला मी शेवटचं त्याच दिवशी पाहिलं, सही करून बाहेर निघाली तेव्हा. ती फाटकात स्कूटी लावून राहिली होती. तिला वाटलं मी तक्रार देऊन आली. मोठ्या आशेनं पाहिलं, अन् मी परीला कडेवर घेऊन निघून राहिली म्हणून तिनं स्कूटी मागे ओढली, जागा करून दिली मला. मी मान खाली घालून तिच्या जवळून गेली. परीनं तिला टाटा केला. मी परीचा हात खाली केला.

नंतर दोनदा फोन लावला. बंद येते. गढ्यात कुठे राहते ते तिनं कधी सांगितलं नाई अन् मी कधी विचारलं नाई.

आई माझ्याशी अजून नीट बोलत नाई. म्हणते, ती तुझ्यासाठी खरं बोलली अन् तू एका बिस्किटात विकली तिला. बिस्किटात नाई वो आई. मी काय करणार होती? तुम्ही सांगा. मला शिकलेल्यांचं उत्तर नको, घरी बसून सुचते ते पण नको. पोरगी मांडीवर आहे, पेन समोर आहे, साहेब फोन उचलून म्हणून राहिला आहे की पनागरला लावू का, अन् तुम्हाला पक्कं माहीत आहे की बाहेर एक बाई तुमच्यासाठी खरं सांगायला उभी आहे. तुम्ही काय केलं असतं?