दुसरा उंचवटा

लाकडं जाळून पगार मिळवणारी बायको आपल्याला मिळाली, याचं काकूंच्या यजमानांना भारी कौतुक. "आज कुणाला चटके दिलेस?" हा त्यांचा रोजचा विनोद. काकू बावीस वर्षं प्रयोगशाळेतली भट्टी सांभाळत होत्या. लाकूड तोलायचं, जाळीच्या टोपलीतून भट्टीत सोडायचं आणि किती गॅस सुटतो ते दर मिनिटाला वहीत लिहायचं.

हल्ली सरांनी संगणकावर मॉडेल करून घेतलं होतं. कुठल्या लाकडातून कधी किती गॅस सुटेल, ते आधीच सांगणारं. भुशाच्या बाबतीत ते तंतोतंत जुळलं. पण मुठीएवढ्या ठोकळ्याचा आलेख मॉडेलमध्ये एकदाच चढून उतरे, आणि काकूंच्या वहीत तो उतरता उतरता पुन्हा डोकं वर काढी. एकेचाळीस ठोकळे, एकेचाळीस वेळा.

"तुम्ही मध्येच दार उघडून बघता," सर म्हणाले आणि त्यांनी वहीतल्या एकेचाळीसही प्रयोगांवर लाल काट मारली. "सोमवारपासून काचसामान धुवा. भट्टीवर दुसरं कुणीतरी बसेल."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी घरी नेहमीचा विनोद झाला, तेव्हा त्या रडल्याच आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. यजमानांची पाचावर धारण बसली.

"अगं, पण उघडलं होतंस का दार?"

"बावीस वर्षांत एकदाही नाही!"

"मग उद्या उघड की. त्यांच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, काकूंनी सरांना आणि मॉडेल लिहिणाऱ्या मुलीला भट्टीपाशी उभं केलं. ठोकळा आत गेला. आलेख चढला, उतरला. मॉडेलच्या मते लाकडातला गॅस आता संपला होता, उरला तो नुसता कोळसा. काकूंनी दार उघडलं, ठोकळा ओढून वाळूत पुरला आणि गार झाल्यावर करवतीनं मधोमध कापला.

कडेला काळाकुट्ट कोळसा. मध्ये लिंबाएवढं पिवळं, कोरं लाकूड.

"हे अजून कच्चंच आहे," काकू म्हणाल्या. "धग इथवर पोचली की याचाही गॅस सुटणार ना? भुसा एकदम तापतो. ठोकळ्याला वेळ लागतो."

मुलीनं कपाळावर हात मारला. "आणि मी अख्खा ठोकळा एकदम तापवून बसले!"

तिनं मॉडेलमधल्या ठोकळ्याचे कांद्यासारखे पापुद्रे केले आणि धग एकेकातून आत सोडली. चार वाजता पडद्यावर रेघ चढली, उतरली, आणि पुन्हा चढली, काकूंच्या वहीतल्या नोंदींच्या ठिपक्यांवरून अलगद. मुलगी खुर्चीतून उडाली आणि तिनं काकूंना घट्ट मिठी मारली.

सरांनी वही मागून घेतली. प्रत्येक लाल काटेशेजारी 'बरोबर' लिहून सही करू लागले. काकू कमरेवर हात ठेवून शेजारीच उभ्या.

शेवटी सरांनी पेनाला टोपण लावलं. "सोमवारी भट्टी नेहमीच्याच वेळी लावा."

"लावते," काकू म्हणाल्या. "पण सर, बत्तिसावा राहिला."

सरांनी मुकाट्यानं टोपण काढलं.