पट्ट्याच्या देवाला दार

"मॅडम, तुमी फक्त त्याले काढाचं लेटर टाइप करा. बाकी मी पाहून घेतो."

मुरलीभाऊ हे बोलले तेव्हा त्यांची राईस मिल बंद पडलेली होती. ऐन सीझन. बाहेर धानाचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत लागलेले, आत बाया सुपं बाजूला टाकून बसलेल्या, आणि मेन मशीनच्या स्टार्टरला फॅक्टरी इन्स्पेक्टरनं लावलेलं सील. मी चंद्रपूरहून मूल गावच्या रस्त्यानं धूळ खात नुकतीच पोचले होते. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी.

मी कंप्लायन्स कन्सल्टंट आहे. म्हणजे कारखानदाराला कायदा काय मागतो ते सांगायचं आणि तो पाळला जातोय का ते जाऊन बघायचं. बहुतेक मालकांना माझ्याकडून फाइल हवी असते. टॅग घातलेली, नीटनेटकी, साहेब आले की पुढे सरकवायची. यावरून माझं सगळ्यांशी भांडण होतं. घरचे म्हणतात, हिला भांडल्याशिवाय जेवण पचत नाही. खरं आहे ते.

झालं होतं असं. मिलमध्ये मोटरवरून मशीनला जाणारा मोठा चामडी पट्टा असतो, पुलीवर गरगर फिरणारा. त्यात कपडा, केस, हात, काहीही सापडलं की संपलं. म्हणून त्याच्यासमोर लोखंडी जाळी हवी. तिला गार्ड म्हणतात. मी मागेच सांगितलं होतं, आणि मुरलीभाऊंनी ती करूनही घेतली होती. पण आदल्या आठवड्यात कोंडा भरणाऱ्या शेवंताबाईचा पदर पट्ट्यानं ओढला. पदर जुना होता, टर्रकन फाटला, म्हणून बाई वाचली. गोष्ट गावभर झाली. इन्स्पेक्टर साहेब आले तेव्हा जाळी भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी तिथंच प्रोहिबिशन ऑर्डर काढली. धोका दूर होईपर्यंत मशीन चालवायचं नाही, असा तिचा अर्थ.

"जाळी तं बनवली ना मी!" मुरलीभाऊ टेबलावर हात आपटून म्हणाले. "हा तुळशीराम मिस्त्री रोज काढून ठेवते. दहादा सांगितलं. मंग चूक कोनाची?"

"कायद्यात तुमची."

"आँ?"

"तुम्ही ऑक्युपायर. म्हणजे कारखाना ज्याच्या हातात तो. जाळी बसवली म्हणून सुटका नाही, मशीन चालू असेपर्यंत ती जागेवर राहते की नाही हेही तुम्हीच बघायचं."

"म्हनूनच म्हनतो, त्याले काढून टाकतो. साहेबाले लेटर दाखवतो. झालं कंप्लायन्स."

तुळशीरामभाऊ मुरलीभाऊंच्या वडलांच्या काळापासूनचा मिस्त्री. मिलच्या आवारातच त्याची खोली. ही मिल सोडून त्यानं दुसरीकडे कधी काम केलेलं नाही. ते लेटर मी टाइप केलं असतं, तर त्याची नोकरीही गेली असती आणि घरही. मी म्हटलं, लेटरचं नंतर बघू, आधी मी त्याच्याशी बोलते.

"बोला. लई जिद्दी हाये तो, सांगून ठेवतो."

तुळशीरामभाऊ बंद मशीनजवळ पोत्यावर बसला होता. समोरच्या पुलीचा मधला भाग कुंकवानं लाल झालेला. खाली अगरबत्तीची राख.

"भाऊ, जाळी काऊन काढता?"

"पूजेले काढतो, बाई. रोज सकारी. मशीन सुरू कराच्या आधी."

"मग पूजा झाली की लावत का नाही?"

तो खाली बघून म्हणाला, "देवाले पिंजऱ्यात ठेवाचं का?"

मला राग आला होता, तो मी लपवला नाही. "अन् शेवंताबाई गेली असती तं? तुमच्या देवानं घेतली असती तिला!"

त्याचे डोळे भरून आले. "मीच धावलो ना बाई बटन बंद कराले. तवापासून डोळ्याले डोळा नाई लागला. पन यानंच माह्यं घर चालवलं. याले चौबाजूनं कोंडलं तं हात जोडाले जीव नाई होत."

"मग उद्यापासून लावाल की नाही?"

"तुमच्याशी खोटं कायले बोलू? लावतो म्हनीन, अन् तुमी गेल्यावर काढीन."

बाप रे! इतक्या वर्षांत एवढं खरं मला कोणत्याही मालकानं सांगितलेलं नाही. सगळे "हो मॅडम, नक्की मॅडम" करतात आणि माझी गाडी फाटकाबाहेर पडली की जैसे थे. माझा राग तिथंच निवाला. हा माणूस नियम मोडत नव्हता, त्याच्या लेखी तो एक नियम पाळत होता. आता त्याच्या नियमात माझा नियम कसा बसवायचा, एवढाच प्रश्न होता.

मी त्याच्या शेजारच्या पोत्यावर बसले. "भाऊ, मार्कंड्याच्या महादेवाला जाता का?"

"दर साली. जत्रेले."

"तिथं गाभाऱ्याला दार आहे का?"

"हाये ना."

"लावतात का ते?"

"लावते. पूजा आटपली, लोकं गेले, का लावते."

"मग महादेव पिंजऱ्यात आहे का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पुलीकडे पाहिलं. "नाई बाई," तो शेवटी म्हणाला, "दार वेगळं, पिंजरा वेगळा."

"मग याला दार करू."

खरं सांगते, त्या क्षणी मला स्वतःच्याच पाठीवर थाप मारावीशी वाटली.

पण तो कच्चा गडी नव्हता. त्यानं अट घातली. दार लागलेलं असलं तरी दर्शन झालं पाहिजे. मी म्हटलं, कबूल, दाराला बारीक जाळी लावू, देव दिसेल पण बोट जाणार नाही. आता माझी अट. दाराला लिमिट स्विच बसेल. फ्रिजचं दार उघडलं की आत दिवा लागतो ना, तसंच हे, फक्त उलटं. दार उघडलं की मशीनची वीज बंद. आणि बटन बंद केल्यावरही पट्टा थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून दाराला लांब आट्यांचा स्क्रू. तो फिरवून फिरवून काढेपर्यंत पट्टा थांबलेला असणार.

मुरलीभाऊंना हे सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "लेटरनं काम भागून राह्यलं, तं हे नाटक कायले, मॅडम?"

"याला काढाल, दुसरा मिस्त्री आणाल. तो तेल सोडायला जाळी काढेल आणि तशीच ठेवेल. जाळी नटबोल्टवर आहे तोवर कोणीतरी काढणारच. पट्ट्यात कागद सापडत नाही भाऊ, हात सापडतो. लेटरच पाहिजे असेल तर दुसरा कन्सल्टंट बघा."

ते वळून नोकराला ओरडून म्हणाले, "अरे, मॅडमले पानी देल्लं का कोनी?"

बल्लारपूरहून माझ्या ओळखीचा वेल्डर बोलावला. दोन झडपांचं दार, भक्कम चौकट, बारीक जाळी. शेवटी रंगावरून भांडण पेटलं. सेफ्टीचा रंग पिवळा. तुळशीरामभाऊला शेंदरी हवा. मी हटेना, तोही हटेना. वेल्डर बिचारा ब्रश घेऊन उभा. शेवटी दार पिवळं आणि चौकट शेंदरी झाली. आणि कोणाला न विचारता तुळशीरामभाऊनं वर एक छोटी घंटा टांगली. घंटेला कायद्यात बंदी नाही, मी मनातल्या मनात तपासून पाहिलं.

साहेब पुन्हा आले. दाराकडे बघून आधी हसले, मग एकदम कडक झाले. सील काढून तुळशीरामभाऊला म्हणाले, "दार उघडं ठेवून चालू कर."

तुळशीरामभाऊनं हात जोडले. "उघड्या दारानं चालत नाई, साहेब."

साहेबांनी स्वतः बटन दाबलं. मशीन ढिम्म. मग दार लावून स्क्रू कसला, बटन दाबलं. पट्टा घुं करून फिरायला लागला आणि जाळीतून कुंकवाचं लाल वर्तुळ दिसायला लागलं. बाया टाळ्या वाजवायला लागल्या, शेवंताबाई सगळ्यात जोरात. साहेबांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मोबाइलवर फोटो काढला.

"ही आयडिया कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. खोटा विनय मला जमत नाही.

ऑर्डर उठली. ट्रॅक्टर आत आले.

सीझन संपता संपता एका दुपारी मुरलीभाऊंचा फोन. आवाज चढलेला.

"मॅडम, समजवा बाप्पा याले! तुमचा तो स्विच खराब झाला. मशीन सुरू नाई होऊन राह्यली. वायरमन म्हनते डायरेक्ट जोडून देतो, दोन मिन्टाचं काम. तं हा दारासमोर आडवा बसला. मालक मी हावो का हा?"

"फोन द्या त्यांना."

"बाई," पलीकडून तुळशीरामभाऊ शांतपणे म्हणाला, "डायरेक्ट केलं तं चालत्या देवाचं दार कोनीबी उघडन. मंग ते दार कायचं? नवा स्विच आना म्हना. तवरक मी नाई उठत."

मागून शेवंताबाई ओरडली, "बराबर हाये!"

माझ्या डोळ्यात टचकन पाणी आलं. अभिमानानंच आलं, दुसरं काही नाही. फोन परत मुरलीभाऊंकडे गेला.

"काय सांगितलं तुमी त्याले?"

"काही नाही. चंद्रपूरला माणूस पाठवा, मी दुकानात स्विच काढून ठेवायला सांगते. आणि भाऊ, त्याला काढायचं लेटर टाइप करू का?"

फोन कट.

संध्याकाळी मिल सुरू झाली, नव्या स्विचवर. त्यानंतर मी कुठल्याही नव्या कारखान्यात गेले की फाइल नंतर मागते. आधी विचारते, इथं मशीनची पूजा कोण करतं? मग त्या माणसाजवळ जाऊन बसते.